एनएफएल खेळाडूची कारकीर्द वाचायची कशी

जुलै २०२० मध्ये एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या, पॅट्रिक माहोम्सच्या कराराची बातमी ‘१० वर्षं, ४५ कोटी डॉलर’ अशी झळकली. सही झाली त्या दिवशी त्यातले पूर्ण हमीचे होते सुमारे ६.३ कोटी. उरलेले पैसे दरवर्षी मार्च महिन्यात हप्त्याहप्त्याने पक्के होत जाणार होते, आणि संघाने मध्येच निरोप दिला असता तर पुढचे हप्ते कागदावरच राहिले असते. अमेरिकन फुटबॉलमधल्या कुठल्याही खेळाडूची कारकीर्द समजून घ्यायची तर मोठा आकडा बाजूला सारून दोन गोष्टी शोधायच्या: हमी किती, आणि ती कुठल्या तारखेला पक्की होते. टचडाउन, यार्ड वगैरे आकडेवारी सगळ्यात शेवटी उघडायची.

करारांसाठी ‘ओव्हर द कॅप’ किंवा ‘स्पॉट्रॅक’, आकडेवारीसाठी ‘प्रो फुटबॉल रेफरन्स’, आणि संघाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची ‘ट्रान्झॅक्शन्स’ ही यादी, एवढं पुरतं. मिलियनचे आकडे वाचताना एक शून्य सोडून कोटी करायचे: २६५ मिलियन म्हणजे २६.५ कोटी. मराठी बातम्यांत ही चूक इतक्या वेळा दिसते की आधी सांगितलेलं बरं.

आत कुठल्या दाराने आला

शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय कुणालाही ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, उतरता येत नाही. त्यामुळे जवळजवळ सगळे विद्यापीठाच्या मैदानावरून येतात, वयाच्या २१ ते २३ दरम्यान. ड्राफ्ट एप्रिलअखेरीस तीन दिवस चालतो. गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी-तिसरी, शनिवारी चौथी ते सातवी. सात फेऱ्यांत मिळून २५० च्या वर नावं पुकारली जातात.

त्याआधी फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ भरतं. ४० यार्डांची, म्हणजे साधारण ३६.६ मीटरची धाव, २२५ पौंडांचा (१०२ किलो) बार छातीवरून किती वेळा उचलतो, उंच उडी, लांब उडी, वळणाच्या धावा, शिवाय वैद्यकीय तपासणी. ४० यार्डांचा विक्रम झेवियर वर्दीच्या नावावर आहे, २०२४ मध्ये ४.२१ सेकंद. पण हा आकडा खेळाडूच्या जागेशी जोडूनच वाचावा. वाइड रिसीव्हरसाठी (लांब पळून चेंडू झेलणारा) पूर्ण धाव महत्त्वाची. १४० किलोचा लाइनमन (समोरासमोर भिडणाऱ्या फळीतला खेळाडू) सामन्यात सलग ४० यार्ड क्वचितच पळतो, त्याचे पहिले १० यार्ड बघा आणि हातांची लांबी बघा. विद्यापीठात होणाऱ्या ‘प्रो डे’च्या वेळा कम्बाइनशी थेट ताडून पाहू नका. तिथे बऱ्याचदा घड्याळ हाताने दाबतात, सुरुवातीला बोट दचकून उशिरा दबतं आणि वेळ असते त्याहून चांगली दिसते.

ड्राफ्टमध्ये नाव न आलेले खेळाडू शनिवारी संध्याकाळीच वेगवेगळ्या संघांशी करार करतात. सातव्या फेरीत शेवटी निवडलं जाण्यापेक्षा हे पुष्कळदा सोयीचं पडतं, कारण आपल्या जागेवर गर्दी कमी असलेला संघ स्वतः निवडता येतो. तिसरं दार परदेशी खेळाडूंचं. २०१७ मध्ये ‘इंटरनॅशनल प्लेयर पाथवे’ सुरू झाला. सिडनीचा जॉर्डन मायलाटा रग्बी लीग खेळायचा, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला २०१८ मध्ये सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतलं. पहिली दोन वर्षं तो एकाही सामन्यात उतरला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा लेफ्ट टॅकल (आक्रमणाच्या फळीतला डावीकडचा रक्षक) तोच होता. ‘दोन वर्षं बाहेर’ एवढं वाचून त्याच्यावर काट मारली असती तर फसलो असतो.

पहिला करार: घासाघीस जवळपास नाहीच

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०११ च्या सामूहिक करारापासून नवख्यांचे पैसे क्रमांकानुसार ठरलेले असतात. ड्राफ्ट झालेल्याचा करार चार वर्षांचा, न झालेल्याचा तीन वर्षांचा. पहिल्या फेरीतल्यांसाठी संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय मिळतो. तो तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत उचलावा लागतो, आणि उचलला की त्या वर्षाचा पगार पूर्ण हमीचा. संघाने हा पर्याय नाकारला तर खेळाडूवरचा त्यांचा विश्वास कुठवर आहे ते कळतं. ड्राफ्ट झालेल्या खेळाडूला तिसरा हंगाम संपेपर्यंत करार वाढवून मागता येत नाही, कितीही चमकला तरी.

क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, ब्रॉक पर्डी हे याचं ठळक उदाहरण. २०२२ च्या ड्राफ्टमधला तो अगदी शेवटचा, २६२ वा. २०२३ च्या हंगामात त्याने सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत नेलं तेव्हा त्याचा मूळ पगार होता ८.७ लाख डॉलर, म्हणजे एक वर्षाच्या अनुभवाला लागू असलेलं किमान वेतन. नियमाने त्याला २०२४ चा हंगामही त्याच कराराखाली काढावा लागला. मे २०२५ मध्ये मग पाच वर्षांचा २६.५ कोटींचा करार झाला. स्वस्त क्वार्टरबॅकमुळे वाचलेला पैसा तेवढी वर्षं बाकीच्या संघावर खर्च करता आला. त्या संघाची ताकद समजून घ्यायची तर हे गणित आधी मांडावं लागतं.

दुसरा करार फोडून बघा

इथे वेळ घालवा. २०२५ मध्ये प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा, म्हणजे ‘कॅप’, २७.९२ कोटी डॉलर होती. सगळी कसरत या मर्यादेत बसण्यासाठी चालते. एक काल्पनिक करार घेऊ.

चार वर्षं, ६ कोटी डॉलर. त्यात सहीचा बोनस २ कोटी. मूळ पगार पहिल्या वर्षी २० लाख, दुसऱ्या वर्षी ८० लाख, तिसऱ्या वर्षी १.४ कोटी, चौथ्या वर्षी १.६ कोटी. हमी फक्त बोनसची आणि पहिल्या दोन वर्षांच्या पगाराची, म्हणजे ३ कोटी.

बोनस खेळाडूच्या हातात लवकर पडतो, पण कॅपच्या वहीत तो चार वर्षांत सारखा विभागून लिहितात (जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागता येतो). म्हणून दरवर्षी ५० लाख बोनसचे अधिक त्या वर्षाचा पगार. कॅपवरचा भार पडतो ७० लाख, १.३ कोटी, १.९ कोटी आणि २.१ कोटी.

आता दुसऱ्या हंगामानंतर संघाने त्याला मोकळं केलं असं धरा. न लिहिलेला १ कोटीचा बोनस एकदम तिसऱ्या वर्षाच्या वहीत येऊन पडतो. याला ‘डेड मनी’ म्हणतात. आपल्या भाषेत बुडीत खातं. तिसऱ्या वर्षी १.९ कोटी लागणार होते, आता १ कोटी लागले, वाचले ९० लाख. हाच निरोप १ जूननंतर दिला (किंवा तसा शिक्का मारून आधी दिला, असे दोन खेळाडू चालतात) तर ५० लाख या वर्षी, ५० लाख पुढच्या वर्षी, आणि यंदाची बचत १.४ कोटी. बातमीतला ‘६ कोटींचा चार वर्षांचा करार’ प्रत्यक्षात दोन वर्षांचा ३ कोटींचा आहे. पुढची दोन वर्षं म्हणजे बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

बुडीत खातं किती फुगू शकतं ते रसेल विल्सनवरून दिसतं. डेन्व्हरने सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा करार वाढवला आणि मार्च २०२४ मध्ये त्याला सोडलं. संघाच्या वहीत दोन वर्षांत मिळून सुमारे ८.५ कोटी डॉलर बुडीत आले. २०२४ च्या हंगामात तो पिट्सबर्गकडून किमान वेतनावर खेळला आणि हमीचा उरलेला पगार डेन्व्हर देत राहिलं.

‘हमी’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. खेळ ढासळल्यामुळे काढलं तर, कॅपच्या अडचणीमुळे काढलं तर, आणि जखमी असताना काढलं तर, अशा तीन वेगळ्या हमी असतात. तिन्ही असतील तरच ती पूर्ण हमी. बातम्यांत पुष्कळदा फक्त दुखापतीपुरती असलेली रक्कमही मिळवून ‘१० कोटींची हमी’ असं छापतात. अशी रक्कम बहुतेक वेळा मार्चमध्ये, नवं लीग-वर्ष सुरू झाल्यावर तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी पूर्ण हमीत बदलते. तारीख लिहून ठेवा. खेळाडूला सोडायचं असेल तर संघ त्याच्या आदल्या दिवशी सोडतो.

आणखी एक फसवी बातमी: ‘खेळाडूने संघासाठी करार बदलून दिला.’ बहुतेकदा त्याने एक दमडीही सोडलेली नसते. वरच्याच उदाहरणात तिसऱ्या वर्षीच्या १.४ कोटी पगारातले १.२ कोटी बोनस म्हणून आधीच हातात दिले आणि वहीत दोन वर्षांवर टाकले, की त्या वर्षीचा भार १.९ कोटींवरून १.३ कोटींवर येतो आणि चौथ्या वर्षीचा २.१ वरून २.७ कोटींवर चढतो. खेळाडूला तेवढाच पैसा, तोही लवकर. संघाची उधारी पुढे ढकलली, इतकंच. पगार खरोखर कमी केला असेल तर त्याला ‘पे कट’ म्हणतात आणि तो शब्द सहसा कुणी आनंदाने वापरत नाही.

हातात पडणारं आणखी कमी. एजंटला जास्तीत जास्त ३ टक्के. केंद्रीय आयकराचा वरचा दर ३७ टक्के. त्यावर राज्याचा कर, आणि तोही संघ ज्या ज्या राज्यात कामासाठी जातो तिथल्या दिवसांच्या प्रमाणात. कॅलिफोर्नियात वरचा दर १३.३ टक्के, टेक्सास आणि फ्लोरिडात शून्य. म्हणून डॅलस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सारख्या दिसणाऱ्या दोन प्रस्तावांत दर वर्षाला बराच फरक पडतो.

टॅग: संघाच्या हातातला खुंटा

चार हंगाम मोजले गेले (कसे मोजतात ते शेवटी) आणि करार संपला की खेळाडू मोकळा. पण संघ दरवर्षी एका खेळाडूवर ‘फ्रँचाइझ टॅग’ लावून त्याला एका वर्षासाठी अडवू शकतो. रक्कम ठरते त्या जागेवरच्या वरच्या पाच पगारांच्या हिशोबाने, किंवा खेळाडूच्या आधीच्या पगाराच्या १२० टक्के, जे जास्त असेल ते. तिसऱ्यांदा लावला तर १४४ टक्के किंवा त्याहूनही अधिक, त्यामुळे तिसऱ्यांदा कुणी लावायला धजत नाही.

कर्क कझिन्सने या नियमावरच सगळी कारकीर्द उभी केली. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने त्याला चौथ्या फेरीत १०२ वा घेतला, तेही त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर रॉबर्ट ग्रिफिनला घेतल्यावर. २०१६ चा टॅग १.९९५ कोटींचा, २०१७ चा २.३९४ कोटींचा. तिसऱ्यासाठी जवळपास ३.४५ कोटी मोजावे लागले असते. वॉशिंग्टनने सोडून दिलं. मिनेसोटाने २०१८ मध्ये तीन वर्षांचे ८.४ कोटी दिले, सगळेच्या सगळे हमीचे. लांब मुदतीचा मोठा आकडा नाकारून छोटा पण पक्का करार घ्यायचा, आणि पुन्हा लवकर बाजारात यायचं, हा त्याचा हिशोब होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये टाचेवरची ॲकिलीस शीर तुटली तरी मार्च २०२४ मध्ये अटलांटाने चार वर्षांचे १८ कोटी कबूल केले, त्यातले १० कोटी हमीचे. डिसेंबरमध्ये त्याला बाकावर बसवलं. हमी मात्र बसली नाही.

वर्षाच्या तारखा, भारतीय वेळेनुसार

मार्चच्या मध्यात बुधवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी ४ वाजता नवं लीग-वर्ष सुरू होतं, आपल्याकडे बुधवारची रात्र उलटून दीड. त्याआधी सोमवारी दुपारी १२ पासून (आपली रात्रीची साडेनऊ) बोलणी चालू होतात आणि ‘करार झाला’ अशा बातम्या धडाधड येतात. सही बुधवारी. मधल्या दोन दिवसांत शब्द फिरवलेले खेळाडूही झाले आहेत.

एप्रिलपासून ऐच्छिक सराव, जूनमध्ये सक्तीचं छोटं शिबिर, जुलैअखेर मुख्य शिबिर ९० खेळाडूंसह. ऑगस्टमध्ये तीन सराव सामने. मग कपातीचा मंगळवार: ९० चे ५३, हीच संघाची मुख्य यादी. १८ आठवड्यांत १७ सामने, एक आठवडा सुट्टी. रविवारचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री १०.३० ला, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून ११.३० ला. सामन्याच्या ९० मिनिटं आधी कोण खेळणार नाही ती यादी येते. रात्रीचा सामना म्हणजे आपली सोमवारची पहाट.

५३ व्या नावाचा शोध

चमकत्या नावांचे करार सगळे वाचतात. कारकीर्द खरी समजते ती यादीच्या तळाशी. एखाद्या बिनड्राफ्टच्या कॉर्नरबॅकच्या (समोरच्या रिसीव्हरला रोखणारा बचावपटू) नावापुढे संघाच्या यादीत अशा ओळी दिसतील: ‘२६ ऑगस्ट, वेव्ह केला. २७ ऑगस्ट, प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये. १३ सप्टेंबर, सामन्यासाठी वर घेतला. १५ सप्टेंबर, परत स्क्वॉडमध्ये.’ प्रत्येक ओळीला भाव आहे.

‘वेव्ह केला’ आणि ‘रिलीज केला’ यांत फरक असतो. चारपेक्षा कमी हंगाम जमा असलेला खेळाडू वेव्ह होतो: इतर संघांना त्याच्यावर दावा सांगायला मुदत मिळते, कपातीच्या वेळी मागच्या हंगामातल्या सगळ्यात कमकुवत संघाचा हक्क पहिला, आणि दावा लागला तर जुना करार जसाच्या तसा नव्या संघाकडे जातो. खेळाडूची मर्जी कुणी विचारत नाही. कपातीनंतर ही मुदत बुधवारी दुपारी १२ ला संपते. चार हंगाम पूर्ण केलेला खेळाडू रिलीज होतो आणि तिथल्या तिथे मोकळा. म्हणूनच एखादा ३० वर्षांचा लाइनमन मंगळवारी ‘काढला’ आणि गुरुवारी ‘घेतला’ दिसला तर दचकू नका; जखमी खेळाडूंची यादी लावायला जागा हवी असते आणि त्याच्याशी आधीच तोंडी ठरलेलं असतं. संघांनी आपसात खेळाडूंची देवाणघेवाण करायची हंगामातली मुदत संपल्यावर मात्र सगळेच वेव्हर्समधून, म्हणजे याच दाव्याच्या वाटेने, जातात.

प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये, म्हणजे ५३ च्या बाहेरच्या सरावाच्या तुकडीत, १६ जण (परदेशी खेळाडूसाठी एक जादा जागा). २०२५ मध्ये नवख्याला तिथे आठवड्याला १३,००० डॉलर, म्हणजे १८ आठवडे टिकला तर २.३४ लाख. ५३ मध्ये असलेल्या नवख्याचं किमान वेतन होतं ८.४ लाख, आठवड्याला सुमारे ४६,७००. सामन्यासाठी वर घेतलं त्या आठवड्याचे पैसे या दुसऱ्या दराने मिळतात. पण असं एका खेळाडूला हंगामात तीनदाच करता येतं. चौथ्यांदा हवा असेल तर ५३ मध्ये घ्यावंच लागतं. दुसरा संघ त्याला पळवू शकतो, पण थेट स्वतःच्या ५३ मध्ये, आणि तीन आठवड्यांच्या पगाराची जबाबदारी घेऊन. यादीत तिसरं ‘वर घेतला’ दिसलं की पुढच्या आठवड्यात त्या खेळाडूचं भविष्य ठरतं.

अशा खेळाडूने किती जणांना खाली पाडलं (टॅकल) ते मोजण्यात अर्थ नाही. ‘स्पेशल टीम्स’चे स्नॅप बघा, म्हणजे किक आणि पंटच्या वेळी किती वेळा मैदानात होता. तो आकडा चढता असेल तर प्रशिक्षक त्याला ठेवतील.

दुखापत

बुधवार ते शुक्रवार संघ दुखापतीचा अहवाल देतो: सराव केला नाही, थोडा केला, पूर्ण केला. शेवटी शिक्का: बाहेर, ‘डाउटफुल’ (बहुधा खेळणार नाही) किंवा ‘क्वेश्चनेबल’ (नक्की नाही). बुधवारी न केलेला सराव ज्येष्ठ खेळाडूसाठी पुष्कळदा फक्त विश्रांती असते. शुक्रवारी न केलेला सराव गंभीर समजावा.

‘इंजर्ड रिझर्व्ह’वर, म्हणजे आयआरवर गेला की किमान चार सामने बाहेर. परतीचा सराव सुरू झाला की २१ दिवसांत यादीत घ्यावं लागतं, नाहीतर हंगाम संपला. आयआरवरही पगार मिळतो, पण तळातल्या खेळाडूंच्या करारात बऱ्याचदा ‘स्प्लिट’ असतो: निरोगी असताना एक दर, आयआरवर बराच कमी. काही वेळा संघ ‘इंजरी सेटलमेंट’ करतो, म्हणजे बरं व्हायला लागतील तेवढ्या आठवड्यांचे पैसे देऊन हिशोब मिटवतो. डोक्याला मार बसला तर परतीच्या पाच पायऱ्या आहेत आणि शेवटची सही संघाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाची लागते. त्यासाठी ठरावीक दिवस नाहीत, त्यामुळे ‘पुढच्या रविवारी खेळेल’ या अंदाजांवर विसंबू नये.

आयआरवरचा खेळाडू संघाचाच असतो. वडिलांकडून भारतीय वंशाचा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला) ब्रँडन चिलार २०१० च्या हंगामात ग्रीन बेच्या आयआरवर गेला, आणि त्याच हंगामात संघ सुपर बोल जिंकला. ‘पुणे मराठाज’सारखे संघ उभे करणाऱ्या ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’च्या पाठीराख्यांत पुढे तोही होता.

किती हंगाम जमा झाले

खेळाडू संघटना सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांची सांगते. लीग याहून बरीच मोठी सांगते, कारण ती पहिल्याच वर्षी संघाच्या अंतिम यादीत बसलेल्यांपासून मोजते. कोणाला मोजलं ते विचारल्याशिवाय सरासरी वापरू नये.

हंगाम दोन तऱ्हेने मोजतात. सहा सामने पूर्ण पगारावर असला तर करारातून मोकळं होण्यासाठीचा हंगाम जमा. तीन सामने असला तर निवृत्तिवेतनासाठीचा हंगाम जमा. असे तीन हंगाम झाले की ५५ व्या वर्षी पेन्शनचा हक्क, आणि खेळ थांबल्यावर पाच वर्षं आरोग्य विमा. प्रॅक्टिस स्क्वॉडमधले आठवडे यात धरत नाहीत. दोन हंगाम जमा असलेला खेळाडू ऑक्टोबरात कमी पैशांवर कुठल्याही संघात का जातो, त्याचं कारण बहुधा तिसऱ्या हंगामाच्या या तीन सामन्यांत सापडतं.

निवृत्ती जाहीर झाली तरी करार संपला असं समजू नका. करार शिल्लक असताना खेळाडू निवृत्त झाला तर तो ‘रिटायर्ड’ यादीवर जातो, त्याच्यावरचा हक्क संघाकडेच राहतो आणि बोनसमधला न कमावलेला भाग संघ परत मागू शकतो. रॉब ग्रोंकाव्स्की मार्च २०१९ मध्ये निवृत्त झाला. वर्षभराने त्याला टॉम ब्रेडीबरोबर टॅम्पा बेकडून खेळायची इच्छा झाली, पण हक्क न्यू इंग्लंडकडे. एप्रिल २०२० मध्ये टॅम्पा बेने चौथ्या फेरीची एक निवड दिली, तेव्हा सातव्या फेरीच्या निवडीसह तो मिळाला.